मल्टिमीडिया सिस्टिमच्या आर्किटेक्चरमध्ये क्वालिटी ऑफ सर्व्हिस नेमकी कशी लिहायची: टप्प्याटप्प्याने

डिझाइन डॉक्युमेंट उघडलं की बहुतेक वेळा तेच दिसतं. सहा-सात चौकोन, त्यांना जोडणारे बाण, आणि कोपऱ्यात ‘लो लेटन्सी, हाय क्वालिटी’, म्हणजे कमी विलंब आणि उत्तम दर्जा. चौकोन खरे असतात, बाणही बरोबर असतात. पण आवाज तुटायला लागला की त्या चित्रावर बोट ठेवून चूक कुठे झाली हे सांगता येत नाही, कारण कोणत्या भागाने कोणाला काय कबूल केलं होतं ते त्यात लिहिलेलंच नसतं.

चुकतं ते मुख्यतः क्रमात. आधी टूल निवडलं जातं, मग चित्र काढलं जातं, आणि क्वालिटी ऑफ सर्व्हिस, म्हणजे आवाज आणि चित्र किती वेळेत, किती न तुटता पोचेल याची हमी, शेवटी शेरा म्हणून चिकटवली जाते. क्रम उलटा हवा: आधी वचन, मग मोजायच्या जागा, मग रचना, मग प्रत्येक दुव्याचा करार, मग वेळेचा हिशोब, आणि टूल त्यानंतर. वर्णन फॉर्मल, म्हणजे काटेकोर, आहे की नाही हे नोटेशनवरून (चिन्हांच्या पद्धतीवरून) ठरत नाही. त्यातलं प्रत्येक विधान हिशोबाने, मॉडेलने किंवा मोजून खरं-खोटं ठरवता आलं पाहिजे, एवढीच कसोटी लावा.

लेखभर एकच उदाहरण वापरतो. दादरला राहणाऱ्या गायनाच्या बाई ऑनलाइन वर्ग घेतात. विद्यार्थी रत्नागिरीत, नाशकात, आणि एखादा ऑफिसातून घरी जाता जाता मोबाइलवर. बाई एक आलाप म्हणतात, विद्यार्थी तो उचलतो. मधे मुंबईतल्या डेटा सेंटरमधला एक मीडिया सर्व्हर आहे. तो आलेले प्रवाह न उलगडता ज्याला हवे त्याला पुढे पाठवतो. उदाहरणातले वेळेचे आणि वेगाचे आकडे नमुन्यापुरते आहेत. तुमच्या सिस्टिमचे आकडे मोजूनच घ्या.

## तयारी: लिहायला बसण्याआधी

तीन गोष्टी हाताशी हव्यात.

एक, वापराचा एकच प्रवास निवडा. ‘पूर्ण सिस्टिम’ लिहायला घेतलीत तर काहीच पुरं होणार नाही. इथे प्रवास असा: बाईंच्या तोंडून निघालेला आवाज आणि त्याबरोबरचं चित्र विद्यार्थ्याच्या कानाडोळ्यांपर्यंत.

दोन, ज्याचं नुकसान होतं त्याच्याशी बोला. गाण्याच्या वर्गात हे फारच महत्त्वाचं आहे. बोलण्यासाठी बनवलेलं नॉइज सप्रेशन तंबोऱ्याचा अखंड नाद गोंगाट समजून काढून टाकतं. लेटन्सीचे सगळे आकडे हिरवे दिसत असतात आणि विद्यार्थ्याला षड्जच ऐकू येत नसतो. ही तक्रार डॅशबोर्डवर कधीच येणार नाही. ती बाईंना विचारल्यावरच कळते.

तीन, निदान काही दिवसांची मोजमापं गोळा करा: संध्याकाळची, पावसातली, वाय-फायवरची आणि मोबाइलवरचीही. ऑफिसच्या लीज्ड लाइनवर (कंपनीसाठी राखीव जोडणीवर) घेतलेले आकडे इथे उपयोगाचे नाहीत.

सावधान: ज्या गोष्टी भौतिकदृष्ट्या शक्य नाहीत त्या याच वेळी बाजूला काढा. ‘नाशिकच्या विद्यार्थ्याने तबल्यावर ठेका धरावा आणि बाईंनी त्यावर गावं’ ही मागणी हमखास येते. एकत्र गाण्या-वाजवण्याला साधारण २५ ते ३० मिलिसेकंदांपलीकडचा एकेरी विलंब जाचू लागतो आणि लय हळूहळू मागे पडत जाते. साधं इंटरनेट आणि साधा मोबाइल यांवर ते जमणार नाही. ‘हे या सिस्टिमच्या कक्षेत नाही’ असं वर्णनाच्या पहिल्याच पानावर लिहा. आधी बाई, मग विद्यार्थी, अशी शिकवणी मात्र याहून बराच जास्त विलंब सहन करते.

## टप्पा १: वचन पूर्ण वाक्यात लिहा

प्रत्येक वचनात सहा गोष्टी हव्यात: कोणती राशी, कुठून कुठपर्यंत, किती, किती वेळा, किती काळाच्या खिडकीत, आणि कोणत्या परिस्थितीत. यातली एकही सुटली तर वाक्य तपासता येत नाही.

चुकीचं: ‘ऑडिओ लेटन्सी २०० मिलिसेकंदांपेक्षा कमी असावी.’

बरोबर: ‘बाईंच्या माइकपासून विद्यार्थ्याच्या इअरफोनपर्यंत आवाजाचा एकेरी विलंब, प्रत्येक एक मिनिटाच्या खिडकीतल्या किमान ९५ टक्के ऑडिओ फ्रेमसाठी, २०० मिलिसेकंदांपर्यंत असेल; अट अशी की बाईंच्या बाजूला किमान २ मेगाबिट प्रतिसेकंद अपलिंक आहे आणि विद्यार्थी महाराष्ट्रात आहे.’ (ऑडिओ फ्रेम म्हणजे एकत्र पाठवला जाणारा आवाजाचा छोटा तुकडा; अपलिंक म्हणजे बाहेर पाठवण्याची जोडणी.)

२०० हा आकडा कुठून आला, हेही शेजारी लिहा. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची जी.११४ ही शिफारस संभाषणासाठी १५० मिलिसेकंदांपर्यंतचा एकेरी विलंब बहुतेक वापरांना चालतो असं मानते आणि ४०० ही वरची मर्यादा धरते. मोबाइलवरचे विद्यार्थी सामील करायचे म्हणून आपण १५० च्या थोडं पुढे गेलो, हा जाणूनबुजून घेतलेला निर्णय आहे. कारण लिहिलं नाही तर सहा महिन्यांनी कोणीतरी तो आकडा सहज बदलेल.

ओठ आणि आवाज यांच्या मेळाचं वचन लिहिताना एक चूक फार होते: ‘फरक ८० मिलिसेकंदांच्या आत’ असं दोन्ही बाजूंना सारखं लिहिलं जातं. माणसाचे कान-डोळे तसे चालत नाहीत. आवाज चित्राच्या आधी आला तर लगेच खटकतो, उशिरा आला तर बराच खपतो. आयटीयूच्या बीटी.१३५९ शिफारशीत फरक जाणवण्याची सीमा आवाज ४५ मिलिसेकंद आधी आणि १२५ मिलिसेकंद नंतर अशी आहे. म्हणून वचन असं:

फ = (चित्र दिसण्याची वेळ) − (त्याच क्षणाचा आवाज ऐकू येण्याची वेळ)
−१२५ ≤ फ ≤ +४५

चिन्हाचा अर्थ तिथल्या तिथे लिहिलाच पाहिजे. अधिक म्हणजे आवाज आधी. दोन टीमनी चिन्ह उलटसुलट धरलं तर दोघांच्या चाचण्या पास होतात आणि वापरणाऱ्याचं डोकं दुखतं.

पॅकेट लॉसचंही (नेटवर्कवर वाटेत हरवलेल्या डेटाच्या गठ्ठ्यांचंही) असंच. ‘लॉस १ टक्क्याच्या आत’ यातून काहीच कळत नाही. २० मिलिसेकंदांच्या फ्रेम धरल्या तर मिनिटाला ३००० पॅकेट जातात; १ टक्का म्हणजे ३०. ती मिनिटभर विखुरली असतील तर डीकोडर (आलेला डेटा पुन्हा आवाजात उलगडणारा भाग) बेमालूम झाकून नेतो. तीच ३० सलग गेली तर ६०० मिलिसेकंद शांतता, म्हणजे अख्खी तान गेली. म्हणून दोन आकडे लिहा: एकूण प्रमाण आणि सलग गेलेल्या पॅकेटची कमाल संख्या.

तपासणी: प्रत्येक वचन टेस्टिंग करणाऱ्या सहकाऱ्याला द्या आणि ‘हे मोडलं हे तू कसं सिद्ध करशील?’ असं विचारा. त्याला तुम्हाला एकही प्रश्न विचारावा लागला तर वाक्य अपुरं आहे.

## टप्पा २: मोजायच्या जागा आणि घड्याळं ठरवा

रचना लिहिण्याआधी प्रवासावर खुणा करा: माइकमधून सॅम्पल आला, एन्कोडरमधून (आवाज आवळून डेटा करणाऱ्या भागातून) फ्रेम निघाली, पॅकेट सॉकेटवर (नेटवर्कच्या दारावर) गेलं, सर्व्हरवर पोचलं, सर्व्हरवरून निघालं, विद्यार्थ्याकडे पोचलं, जिटर बफरमधून (पॅकेट येण्यातला चढउतार सपाट करायला ती थोडी थांबवून ठेवणाऱ्या साठ्यातून) निघालं, स्पीकरकडे गेलं. पुढचे सगळे करार या खुणांच्या भाषेत लिहायचे आहेत.

मग प्रत्येक खुणेपुढे घड्याळ लिहा. बाईंचा लॅपटॉप, सर्व्हर आणि विद्यार्थ्याचा फोन ही तीन वेगळी घड्याळं आहेत, शिवाय साउंड कार्डाचं घड्याळ आणखी वेगळं असतं. बहुतेक वर्णनांत सगळीकडे एकच ‘वेळ’ गृहीत धरलेली असते. दोन घड्याळांत १० लाखांत ५० इतका फरक असेल तर तासाभरात १८० मिलिसेकंद जमा होतात. दहा मिनिटांच्या डेमोत हे दिसत नाही; तासाच्या वर्गाच्या शेवटी बफर तरी रिकामा होतो किंवा फुगतो. रिसीव्हरने हा सरकाव ओळखून प्लेबॅकचा वेग किंचित बदलायचा, ही जबाबदारी कोणत्या कंपोनंटची (घटकाची) ते लिहा.

आरटीपी हा आवाज-चित्र वाहणारा प्रोटोकॉल. त्यात ओपस या कोडेकने (आवळण्याच्या पद्धतीने) आवळलेल्या ऑडिओचे टाइमस्टँप ४८ किलोहर्ट्‌झच्या आणि व्हिडिओचे ९० किलोहर्ट्‌झच्या घड्याळावर चालतात, आणि दोन्हींची सुरुवात वेगवेगळ्या आकड्यापासून होते. त्यांची थेट तुलना करता येत नाही. दोघांना एका वेळेवर आणणारी माहिती आरटीसीपी या आरटीपीच्या जोड-प्रोटोकॉलच्या सेंडर रिपोर्टमध्ये (पाठवणाऱ्याच्या अहवालात) येते. म्हणून ‘पहिला सेंडर रिपोर्ट येईपर्यंत मेळाचं वचन लागू नाही’ हेही वर्णनात हवं.

एकेरी विलंब मोजायचा साधा उपाय: पाठवणारं आणि ऐकणारं उपकरण एकाच खोलीत, पण वेगळ्या नेटवर्कवर ठेवा. ऐकणाऱ्याचा माइक बंद करा. तिसऱ्या रेकॉर्डरजवळ टाळी वाजवा आणि मूळ टाळी व इअरफोनमधून आलेली टाळी यांतलं अंतर वेव्हफॉर्मवर मोजा. घड्याळ एकच, रेकॉर्डरचं, त्यामुळे जुळवाजुळव नको. नॉइज सप्रेशन चालू असेल तर ते टाळी गिळतं. तेव्हा ‘ट’सारखा ठसठशीत उच्चार करा.

## टप्पा ३: कंपोनंट, कनेक्टर आणि त्यांची जागा

कंपोनंटची यादी सोपी असते, त्यात वेळ घालवू नका. सगळा जीव कनेक्टरमध्ये, म्हणजे त्यांना जोडणाऱ्या दुव्यांमध्ये, आहे. चित्रातला बाण हा एक स्वतंत्र घटक आहे. त्याला नाव, दोन टोकं, रांगेची पद्धत, क्षमता आणि बिघडण्याच्या तऱ्हा असतात. ‘सर्व्हरकडे जातो’ एवढाच बाण असेल तर नेटवर्कच वर्णनातून गळालं, असं समजा.

प्रत्येक कनेक्टरसाठी विचारा: यातून किती प्रवाह एकत्र जातात? रांग एक की अनेक? रांग भरली की जुनं टाकायचं की नवं? पुन्हा पाठवायची सोय आहे का, आणि असेल तर किती वेळापर्यंत त्याला अर्थ आहे?

मग प्रत्येक घटकापुढे तो कुठल्या शहरात चालतो ते लिहा. हे न लिहिल्यामुळे होणारा एक घोटाळा नेहमीचा आहे: मीडिया सर्व्हर मुंबईत, पण फायरवॉलमागच्या वापरकर्त्यांसाठीचा रिले सर्व्हर डिफॉल्टने सिंगापुरात. ऑप्टिकल फायबरमध्ये सिग्नलला किलोमीटरमागे सुमारे ५ मायक्रोसेकंद लागतात. मुंबई-सिंगापूर सरळ अंतरच ३९०० किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे एका दिशेला २० मिलिसेकंद कुठेही सुटत नाहीत, आणि केबल सरळ रेषेत जात नाही. दादरहून नाशिकला जाणारा आवाज सिंगापूरला वळसा घालून आला तर निदान ४० मिलिसेकंद फुकट गेले. लॉजिकल चित्रात हे कधीच दिसत नाही.

## टप्पा ४: प्रत्येक दुव्याचा करार

कराराचे चार भाग: काय वाहतो, काय गृहीत, काय हमी, आणि गृहीत मोडलं तर काय. शेवटचा भाग बहुतेक जण गाळतात. नमुना असा:

कनेक्टर: बाई-अपलिंक
वाहतो: ऑडिओ (ओपस, २० मिलिसेकंदांची फ्रेम, ३२ किलोबिट प्रतिसेकंद), व्हिडिओ (सरासरी १.२ मेगाबिट प्रतिसेकंद, की-फ्रेम, म्हणजे मागच्या फ्रेमच्या आधाराशिवाय उलगडणारं पूर्ण चित्र, कमाल ६० किलोबाइट)
गृहीत: उपलब्ध वेग ≥ २ मेगाबिट प्रतिसेकंद, की-फ्रेमची मागणी सेकंदाला कमाल एक
हमी: ऑडिओ पॅकेट रांगेत ≤ १० मिलिसेकंद थांबेल
मोडल्यास: ही हमी लागू नाही; वेग टप्पा ६ मधल्या सीमेखाली गेला तर २ सेकंदांत ‘कमी व्हिडिओ’ मोडमध्ये जाईल

आता हा करार खरा आहे का ते पाहा. ६० किलोबाइटची की-फ्रेम म्हणजे ४८० किलोबिट. २ मेगाबिटच्या लिंकवर ती जायला २४० मिलिसेकंद लागतात. रांग एकच असेल आणि ऑडिओ पॅकेट तिच्या मागे अडकलं तर ते २४० मिलिसेकंद थांबेल. दहाची हमी कागदावरच मेली. लिंकचा सरासरी वेग पुरेसा आहे, म्हणून चित्रात सगळं आलबेल दिसत होतं. सरासरीवर भागवू नका; प्रत्येक प्रवाहाचा सरासरी दर आणि एकावेळचा कमाल लोट, दोन्ही लिहा. टोकन बकेटची (लोट आणि दर या दोन आकड्यांत प्रवाहाला मर्यादा घालण्याच्या पद्धतीची) भाषा यासाठीच आहे: लोट ‘ब’, दर ‘द’. लिंकचा वेग ‘व’ आणि तिचा स्वतःचा विलंब ‘ट’ असेल, तर द ≤ व असताना कमाल विलंब ट + ब/व.

कनेक्टरमध्ये दोन रांगा करा, ऑडिओला आधी जाऊ द्या. मग ऑडिओला फार तर लिंकवर आधीच चढलेल्या एका व्हिडिओ पॅकेटसाठी थांबावं लागेल: १२०० बाइट म्हणजे ९६०० बिट, २ मेगाबिटवर ४.८ मिलिसेकंद. हमी टिकली.

पण इथे थांबू नका. ऑडिओ पुढे गेला, व्हिडिओ मागे राहिला, म्हणजे टप्पा १ मधला ‘फ’ अधिक बाजूला सरकला, आणि त्याच बाजूला सूट फक्त ४५ मिलिसेकंदांची आहे. ऑडिओ एकूण १८२ मिलिसेकंदांत पोचत असेल (हिशोब पुढे आहे) तर व्हिडिओला २२७ च्या आत यावंच लागेल, आणि एकटी की-फ्रेमच २४० खाते. उपाय दोन: की-फ्रेमचा आकार आवळा, किंवा रिसीव्हरने चित्रासाठी आवाज थांबवावा आणि विलंबाच्या शिलकीतून तेवढं कापून घ्यावं. कोणता घ्यायचा हे तुम्ही ठरवा. करार लिहिले नसते तर प्रश्नच दिसला नसता.

सावधान: ही प्राधान्याची रांग तुमच्या अॅपमध्ये आहे. बाईंच्या घरच्या राउटरला तिची खबर नाही. अॅपने एकदम सगळं ओतलं तर रांग राउटरमध्ये लागेल आणि तिथे सगळे सारखे. म्हणून पाठवणारा लिंकच्या अंदाजित वेगापेक्षा किंचित कमी दराने पाठवेल, हेही हमीत लिहा.

की-फ्रेमच्या मागणीवरची अट शोभेची नाही. विद्यार्थी नव्याने जोडला गेला की सर्व्हर बाईंच्या एन्कोडरकडे की-फ्रेम मागतो. नेटवर्क क्षणभर गेलं आणि दहा विद्यार्थी एकदम परत आले तर दहा मागण्या जातात. त्या एकत्र करून एकच पुढे पाठवणं हे सर्व्हरच्या करारात हमी म्हणून हवं, कारण अपलिंकने ते गृहीत धरलं आहे. एकाचं गृहीत म्हणजे दुसऱ्या कोणाची तरी हमी; ज्या गृहीताला मालक नाही ते लाल शाईने वेगळं काढा.

काही गृहीतांचा मालक परिस्थिती असते. अनंत चतुर्दशीला गिरगाव चौपाटीच्या आसपास मोबाइल नेटवर्कचं काय होतं ते मुंबईकराला सांगायला नको. भुयारी मेट्रोत उतरलेल्या विद्यार्थ्याचं कनेक्शन तुटणार हेही धरून चाला. तिथे हमी देऊ नका. ‘मोडल्यास’ हा रकाना मात्र नीट भरा.

तपासणी: हेडर (प्रत्येक पॅकेटला जोडलेली पत्त्यासारखी माहिती) धरलेत का? ३२ किलोबिटचा ओपस म्हणजे फ्रेममागे ८० बाइट. आरटीपी, यूडीपी आणि आयपीव्ही४ या तीन प्रोटोकॉलचे हेडर मिळून ४० बाइट वाढतात. लिंकवर प्रत्यक्षात ४८ किलोबिट जातात, आणि एनक्रिप्शनचे बाइट त्यावर.

## टप्पा ५: विलंबाचा हिशोब

खुणांच्या क्रमाने मांडा, मिलिसेकंदांत:

- माइक आणि ऑपरेटिंग सिस्टिम: २०
- ओपस एन्कोडर: २७ (२० ची फ्रेम आणि ६.५ पुढचं बघणं)
- अपलिंकची रांग: १०
- सर्व्हरपर्यंत: ५
- सर्व्हरमध्ये: ५
- सर्व्हर ते विद्यार्थी: ३५
- जिटर बफर: ५०
- डीकोड आणि स्पीकर: ३०

बेरीज १८२, शिल्लक १८. शिल्लक कोणाच्याही मालकीची नाही. ती वापरायची तर रिव्ह्यू झालाच पाहिजे.

आता खरी गोम. हे आकडे नेमके काय आहेत? प्रत्येक टप्पा स्वतःचा आकडा ९५ टक्के वेळा पाळतो असं लिहिलं आणि पूर्ण प्रवासाची हमीही ९५ टक्के मानली, तर हिशोब फसला. आठही टप्पे एकमेकांपासून स्वतंत्र असतील तर सगळ्यांनी एकाच वेळी आपापला आकडा पाळण्याची शक्यता ०.९५ चा आठवा घात, म्हणजे सुमारे ६६ टक्के. स्वतंत्र नसतील तर खात्रीने ६० टक्क्यांपलीकडे काही म्हणता येत नाही. प्रत्यक्षात एकाचा उशीर दुसऱ्याच्या घाईने भरून निघतो आणि चित्र यापेक्षा बरं असतं, पण ते मोजून म्हणा, कागदावरून नको.

सुरक्षित मार्ग: एकूण चुकायची मुभा ५ टक्के असेल तर ती आठ जणांत वाटा. प्रत्येकाला ०.६२५ टक्के, म्हणजे प्रत्येकाने स्वतःचा आकडा ९९.३७५ टक्के वेळा पाळायचा. टप्पे एकमेकांवर अवलंबून असले तरी हे टिकतं. समान वाटणीची सक्तीही नाही: एन्कोडर जवळजवळ कधी चुकत नाही, तेव्हा त्याचा वाटा मोबाइल नेटवर्कला द्या.

जिटर बफरचे ५० हे नेटवर्कच्या चढउताराशी बांधलेले आहेत. ते एकट्याने कमी करता येत नाहीत. कमी केले की उशिरा आलेलं पॅकेट हरवल्यासारखंच होतं आणि बोजा लॉसच्या वचनावर पडतो. दोन्ही ओळी एकमेकींना संदर्भ देऊन लिहा.

## टप्पा ६: मोड आणि उतरंड

कमी पडलं की आधी काय सोडायचं, हे कोडवर सोडू नका. गाण्याच्या वर्गात चित्र आधी जाईल, आवाज शेवटी. लावणीच्या वर्गात हेच उत्तर वेगळं येईल, तिथे पाय दिसले पाहिजेत. मोड चार पुरतात: पूर्ण, कमी व्हिडिओ, फक्त आवाज, पुन्हा जोडणी. प्रत्येक मोडमध्ये कोणती वचनं लागू आणि कोणती स्थगित, याचा तक्ता करा.

खाली उतरायची आणि वर चढायची सीमा एकच ठेवली की सिस्टिम त्या सीमेवर हेलकावे खाते आणि चित्र दर दोन सेकंदांनी बदलतं. नमुना: उपलब्ध वेग १.४ मेगाबिटच्या खाली २ सेकंद राहिला तर ‘पूर्ण’मधून ‘कमी व्हिडिओ’. परत वर जायला १.८ च्या वर सलग १० सेकंद. उतरताना चटकन, चढताना सावकाश. तंबोरा वाचवणारा ‘संगीत’ पर्याय, म्हणजे नॉइज सप्रेशन आणि आपोआप आवाज वर-खाली करणारी सोय बंद, हा चारही मोडमध्ये टिकला पाहिजे. मोड बदलताना ऑडिओची साखळी नव्याने उभी राहते आणि डिफॉल्ट सेटिंग परत येतं, असं होऊ देऊ नका.

## टप्पा ७: मग टूल

आता तुमच्याकडे काय आहे त्यावरून टूल निवडा. टोकापासून टोकापर्यंतच्या विलंबाचे हिशोब आणि घटकांची मांडणी एकत्र ठेवायची तर एएडीएल ही आर्किटेक्चर लिहायची भाषा. त्यात प्रवाहाचा मार्ग आणि त्यावरचा विलंब लिहायची सोय भाषेतच आहे. टीम यूएमएल (सॉफ्टवेअरच्या आकृत्यांची भाषा) वापरत असेल तर तिचं वेळेच्या बंधनांसाठीचं मार्टे प्रोफाइल. मोड आणि बफर यांचं वेळेतलं वागणं तपासायचं तर टाइम्ड ऑटोमॅटावर (घड्याळं जोडलेल्या स्थितींच्या मॉडेलवर) चालणारं उप्पाल हे टूल. टक्केवारीची वचनं तपासायची तर शक्यता तपासणारं प्रिझम किंवा उप्पालचाच सांख्यिकी भाग. साधा टाइम्ड ऑटोमॅटा ‘नेहमी’ आणि ‘कधीच नाही’ याचं उत्तर देतो. त्याला ‘९५ टक्के’ विचारू नका.

चार-पाच जणांच्या टीमला माझा सल्ला: करार साध्या टेक्स्ट फाइलमध्ये, कोडच्याच रिपॉझिटरीत, हिशोब स्प्रेडशीटमध्ये, आणि मॉडेल फक्त प्लेयर व मोड यांचं. सगळ्याचं मॉडेल करायला जाल तर स्टेटची (स्थितींची) संख्या हाताबाहेर जाईल आणि महिन्याभरात कोणी ते उघडणार नाही.

प्लेयरच्या तीन स्थिती पुरतात: बफर भरणं, चालू, अडखळलेला. त्यावर विचारायचे प्रश्न:

- सिस्टिम कुठे कायमची अडकून पडते का?
- गृहीत पाळलं जात असेल तर ‘अडखळलेला’मधून २ सेकंदांत बाहेर येते का?
- मिनिटात ठरलेल्यापेक्षा जास्त वेळा मोड बदलतो का?
- ‘फक्त आवाज’ या मोडपर्यंत पोचता येतं का?

चौथा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण तो आधी विचारा. ज्या स्थितीपर्यंत मॉडेल पोचतच नाही, तिच्याबद्दलची सगळी विधानं आपोआप खरी ठरतात. टूल हिरवं दाखवतं आणि तपासलेलं काहीच नसतं.

सावधान: २० मिलिसेकंदांची फ्रेम आणि तासाचा वर्ग एकाच मॉडेलमध्ये कोंबू नका. घड्याळांचा सरकाव हिशोबाने तपासा, फ्रेमचं वागणं मॉडेलने.

तपासणी: मॉडेल मुद्दाम मोडा. नेटवर्कचा विलंब ५०० करा, प्राधान्याची रांग काढून टाका. तरीही सगळं पास होत असेल तर मॉडेल तुमच्या सिस्टिमचं नाही.

## टप्पा ८: चालू सिस्टिमशी गाठ

प्रत्येक कराराला क्रमांक द्या आणि मेट्रिकच्या (चालू सिस्टिममधल्या मोजमापाच्या) नावात तोच क्रमांक वापरा. करार आहे पण मेट्रिक नाही, किंवा मेट्रिक आहे पण करार नाही, अशा दोन्ही याद्या रिलीजच्या आधी रिकाम्या असाव्यात.

वेबआरटीसी (ब्राउझरमधून थेट आवाज-चित्र पाठवायची सोय) वापरत असाल तर तिच्या गेटस्टॅट्स या आकडेवारीतल्या ‘जिटरबफरडिले’कडे नीट पाहा. तो सुरुवातीपासूनची बेरीज असतो, सेकंदांत. त्याला ‘जिटरबफरएमिटेडकाउंट’ने भागल्यावर सरासरी मिळते, आणि चालू मिनिटाची हवी असेल तर दोन वाचनांतले फरक घेऊन मग भागायचं. कच्चा आकडा आलेखावर टाकला की रेषा वर्गभर चढत जाते आणि लोक नसलेला बग शोधत बसतात. शिवाय सरासरीवरून ९५ टक्क्यांचं वचन तपासता येत नाही. त्यासाठी वितरण साठवा.

करार पुन्हा तपासायला लावणारे बदलही लिहून ठेवा: कोडेक, फ्रेमची लांबी, सर्व्हरचं शहर, की-फ्रेमचं सेटिंग, जिटर बफरच्या मर्यादा. समजा डेटा वाचवायला कोणी ओपसची फ्रेम २० वरून ६० मिलिसेकंदांची केली. हेडरचा बोजा घटतो, लिंकवरचे ४८ किलोबिट साधारण ३७ वर येतात, आणि पुल रिक्वेस्ट (कोडमधला बदल स्वीकारायची विनंती) छान दिसते. पण एन्कोडरच्या ओळीत ४० मिलिसेकंद वाढले, बेरीज १८२ वरून २२२ झाली, आणि एक पॅकेट गेलं की आता ६० मिलिसेकंदांचा सूर जातो. शिल्लक १८ चीच होती. पहिलं वचन मोडतं, तेव्हा तो बदल वचन बदलल्याशिवाय मर्ज होत नाही. आणि वचन बदलायचं तर बाईंना विचारून.